बंदिशाळेची पाहणी

नागभीडहून चांदा फोर्टाकडे जाणाऱ्या आगगाडीनें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण चंद्रपुरास जाऊन आले असतील. वडील मंडळी ज्यास अद्यापि चांदा म्हणतात, त्या ह्या गोंडकालीन शहरांत जिल्हा कारागृहाची उंच भिंत आहे. तिच्या पलीकडे सामान्य मनुष्यास सहसा प्रवेश नाहीं. तथापि कांहीं प्रसंगीं बाहेरचा मनुष्यहि त्या आवारांत पाऊल टाकूं शकतो. मोहरमच्या दिवसांत तेथील गैबीशाह वली यांच्या दर्ग्याच्या दर्शनास सर्व धर्मांचे लोक जातात. तसेंच १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या ह्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं त्या तिथीस तेथील पिंपळापाशीं लोक जमतात.

त्या दिवशीं माणसें जातात, फुलें वाहतात, मस्तक नमवितात व परत येतात. हें योग्यच आहे. परंतु तुरुंगांत जाऊन येणें निराळें आणि तुरुंगाची पाहणी करणें निराळें. पाहणी करणारा मनुष्य खोलीची लांबीरुंदी मोजतो, भाकरीचें वजन करतो, पाण्याचा रांजण उघडून पाहतो, आणि प्रत्येक बंदिवानास एक साधा प्रश्न विचारतो: ‘तुम्ही येथें कां आहांत?’ ह्या एका प्रश्नाचें उत्तर लिहून काढतांच मोठमोठ्या राष्ट्रांस आपले कायदे बदलावे लागले आहेत. तें उत्तर पुष्कळ वेळां असें निघालें कीं, हा मनुष्य गुन्ह्यामुळें नव्हे, तर दारिद्र्यामुळें आंत आहे. हें प्रथम इंग्लंडांत कसें उघड झालें व पुढें आमच्या देशांत तेंच कसें आढळून आलें, ह्याची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन हॉवर्ड यांचा जन्म १७२६ सालीं एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं झाला. शरीरानें नाजूक व स्वभावानें धर्मशील असे हे गृहस्थ बेडफर्ड शहराजवळच्या कार्डिंग्टन गांवीं आपली शेतीवाडी पाहून राहत असत. १७५५ सालीं लिस्बन शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. तेथें जाण्यासाठीं पुढील वर्षीं ते निघाले असतां त्यांचें जहाज फ्रेंचांच्या हातीं लागलें आणि कांहीं काळ त्यांस स्वतःलाच बंदिवास घडला. त्या दिवसांतील तहान, भूक व गवताचें अंथरूण ते पुढें कधींहि विसरले नाहींत.

१७७३ सालीं बेडफर्ड परगण्याच्या शेरीफपदावर त्यांची नेमणूक झाली. तुरुंगाची देखरेख हें शेरीफाच्या कर्तव्यांपैकीं एक होतें. परंतु बहुतेक शेरीफ तें काम दुय्यम अधिकाऱ्यावर सोंपवून स्वस्थ बसत. हॉवर्ड मात्र स्वतः तुरुंगांत गेले. तेथें त्यांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. न्यायाधीशांनीं ज्यांस निर्दोष ठरविलें होतें, असे लोकहि परत तुरुंगांतच डांबलेले होते. कारण असें कीं, जेलरास सरकारांतून पगार मिळत नसे. बंदिवानांकडून मिळणाऱ्या फीवर त्याचा चरितार्थ चाले. बेडफर्डच्या तुरुंगांतून सुटतांना जेलरास पंधरा शिलिंग चार पेन्स व किल्लीवाल्यास दोन शिलिंग दिल्यावांचून कोणासहि बाहेर जातां येत नसे. कांहीं महिने मजुरीस मुकलेल्या गरिबानें ही रक्कम आणावी कोठून? न्यायालयानें उघडलेलें दार अशा रीतीनें फीकरितां बंद राही.

जेलरास परगण्याच्या तिजोरींतून पगार द्यावा, अशी विनंती हॉवर्ड यांनीं तेथील न्यायाधिकाऱ्यांस केली. त्यांनीं विचारलें, ‘दुसऱ्या एकाद्या परगण्यांत अशी वहिवाट आहे काय? असल्यास दाखवा.’ ती वहिवाट शोधण्यासाठीं हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत गेले. वहिवाट कोठेंच सांपडली नाहीं. परंतु प्रत्येक ठिकाणीं पहिल्याहून अधिक दुःख दृष्टीस पडलें. अशा रीतीनें एका कचेरीच्या शंकेचें उत्तर आणण्यास निघालेला हा मनुष्य उरलेलें सर्व आयुष्य तुरुंग पाहत हिंडला. त्यांच्या स्वतःच्या टिपणांप्रमाणें हा प्रवास बेचाळीस हजार मैलांहून अधिक झाला.

त्यांची कामाची पद्धति पाहण्यासारखी होती. तुरुंगांतील दुर्गंधी कपड्यांस इतकी चिकटे कीं, बंद गाडीत बसणें त्यांस असह्य होई. म्हणून ते घोड्यावरून प्रवास करीत. टिपणवहीचीं पानें विस्तवापुढें धरून वाळविल्याशिवाय त्यांस तीं हातीं धरवत नसत, आणि जवळ ठेवलेला व्हिनेगर वारंवार हुंगावा लागे. आहार अगदीं साधा व मांसवर्ज्य होता. ज्या अंधारकोठडींत जाण्यास खुद्द जेलर कचरत असे, तींतहि ते उतरत. टिपणांत विशेषणें फार थोडीं असत. खोली किती फूट, खिडकी किती इंच, भाकरी किती औंस, बंदिवान किती, हेंच मुख्यतः लिहिलेलें असे. हीं सर्व टिपणें जुळवून १७७७ सालीं त्यांनीं इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवर आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला.

त्या ग्रंथांतील चित्र असें आहे. खिडक्यांवर सरकारी कर असे व तो जेलरास भरावा लागे. म्हणून जेलर खिडक्या विटांनीं बुजवून टाकी. कित्येक तुरुंगांत विहीर किंवा नळ नव्हता. जेलराचा नोकर जें पाणी आणून देईल, तेंच पिण्यास व धुण्यास पुरवावें लागे. कोठें अंथरण्यास गवत नव्हतें, तर कोठें तें महिनोन् महिने न बदलल्यामुळें कुजून गेलेलें असे. पायांतील बेड्या हलक्या करून घेण्यासहि पैसे मोजावे लागत. नवीन आलेल्या बंदिवानाकडून जुने बंदिवान ‘प्रवेशाचा’ पैसा मागत, आणि तो नसल्यास त्याच्या अंगावरचे कपडे काढून घेत. ईली येथील तुरुंग तेथील बिशपांच्या मालकीचा होता. इमारत जीर्ण असल्यामुळें बंदिवान पळून जाऊं नयेत म्हणून त्यांस पूर्वीं जमिनीवर उताणें निजवून सांखळदंडांनीं जखडीत व गळ्यांत खिळ्यांचें लोखंडी कडें अडकवीत असत. भिंत दुरुस्त करण्यापेक्षां मनुष्यास जखडणें स्वस्त पडे, एवढेंच त्याचें कारण! नेअर्सबरो येथील कोठडींत अडकलेल्या एका अंमलदारानें उंदीरघुशींपासून रक्षण व्हावें म्हणून आपला कुत्रा बरोबर नेला. थोड्याच दिवसांत त्यांनीं कुत्र्यास मारून टाकलें व त्या गृहस्थाचें तोंडहि विद्रूप केलें.

अशा ठिकाणीं रोग उत्पन्न झाल्यास नवल काय? ‘तुरुंगज्वर’ म्हणून एक भयंकर ताप त्या काळीं प्रसिद्ध होता. आज आपण त्यास टायफस म्हणतों. अंगावरच्या कपड्यांतील उवांमुळें तो पसरतो, हें शार्ल निकोल यांनीं १९०९ सालीं सिद्ध केलें. हॉवर्ड यांच्या वेळीं लोक दूषित हवेस दोष देत. कारण ठाऊक नसलें तरी परिणाम डोळ्यांपुढें होता. १७७३ व १७७४ ह्या दोन सालांत देशांत जितके लोक फांसावर चढले, त्यांहून कितीतरी अधिक ह्या तापानें तुरुंगांत मेले, असें हॉवर्ड यांनीं लिहून ठेविलें आहे. हा ताप भिंतीच्या आंत राहत नसे. १७५० सालीं लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत आणलेल्या बंदिवानांपासून तो फैलावला, आणि खुद्द लंडनचे महापौर व दोन न्यायाधीश त्यास बळी पडले. तुरुंगांतील घाणीशीं आपला संबंध नाहीं, असें समजणाऱ्या समाजास तो संबंध अशा रीतीनें कळून आला.

परंतु हॉवर्ड यांच्या वहींतील सर्वांत महत्त्वाचा आंकडा आमच्या मतें निराळाच आहे. १७७६ सालीं त्यांनीं इंग्लंड व वेल्समधील सर्व बंदिवानांची मोजदाद केली. एकूण संख्या ४,०८४ भरली. त्यांत मोठ्या गुन्ह्यांचे बंदिवान ९९४ व किरकोळ अपराधांचे ६५३ होते. उरलेले २,४३७ जण केवळ ऋणको होते. म्हणजे दर पांच बंदिवानांत सुमारें तिघांनीं चोरी केली नव्हती, कोणास मारलें नव्हतें. त्यांजवर कर्ज होतें व तें फेडण्यास पैसा नव्हता. बरें, तुरुंगांत कोंडल्यानें मनुष्याची मजुरी बुडते. मग कर्ज फिटावें कसें? ज्या दुखण्यास पैशाचा अभाव हें कारण, त्यावर पैसा मिळविण्याचा मार्गच बंद करण्याचा उपाय शोधून काढण्यांत आला होता. हें शहाण्या लोकांच्या देशांत शतकेंच्या शतकें चाललें होतें. कोणी मोजलें नव्हतें, म्हणून कोणास दिसलें नव्हतें.

१७७४ सालीं पार्लमेंटानें हॉवर्ड यांस बोलावून त्यांची साक्ष घेतली व त्याच सालीं दोन कायदे केले. निर्दोष सुटलेल्या मनुष्याकडून सुटकेची फी घेऊं नये, ती परगण्यानें द्यावी, असें एकानें ठरविलें. दुसऱ्यानें तुरुंगाच्या भिंतींस वर्षांतून निदान एकदां चुना लावावा, खोल्या स्वच्छ व हवेशीर ठेवाव्या, आजाऱ्यांस निराळी जागा द्यावी, असे नियम घातले. हॉवर्ड यांनीं दोन्ही कायदे स्वखर्चानें छापून प्रत्येक जेलराकडे धाडले. तेवढ्यावर न थांबतां, कायद्याप्रमाणें चुना लागला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ते पुन्हां निघाले, व पुष्कळ ठिकाणीं तो लागलेला नव्हता असें नमूद केलें. पाहणी एकदां करून संपत नसते, हा धडा त्यांत आहे. पुढें युरोपांतील तुरुंग व रोगालयें पाहतां पाहतां, एका रुग्णाची शुश्रूषा करतांना लागलेल्या तापानें २० जानेवारी १७९० रोजीं काळ्या समुद्राजवळच्या खेर्सन शहरीं त्यांचा अंत झाला.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. पाहणी करणाऱ्याची दृष्टि जशी असेल, तसें तिचें फळ मिळतें. बंदिवानांस रात्रीं निरनिराळ्या कोठड्यांत ठेवावें, हें हॉवर्ड यांचें मत कनवाळूपणाचें होतें. परंतु मागाहून आलेल्यांनीं त्याचाच विस्तार करून एकांतवासाची कठोर पद्धति उभारली. आमच्या देशांत मेकॉले यांच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीनें १८३८ सालीं तुरुंगांविषयीं मोठा अहवाल दिला, पण त्याचा रोंख बंदिवानास सुधारण्यापेक्षां तुरुंगाचा धाक वाढविण्याकडे होता. १८९४ च्या तुरुंग कायद्यानें वैद्यकीय अधिकारी, स्वच्छता व बाहेरील भेट देणारे पाहुणे यांची तरतूद केली. आणि तुरुंगाचा हेतु बंदिवानाची सुधारणा हा असावा, असें १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनें स्पष्टपणें सांगितलें. कागदावर व्यवस्था झाली. परंतु आंत जाऊन तोच जुना प्रश्न विचारणारा मनुष्य मिळण्यास आणखी साठ वर्षें लागलीं.

तो मनुष्य आमच्या नागपूर प्रांताचाच होता, हें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ सालीं नागपूरजवळच्या कामठी येथें झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलिस खात्यांत ते अधिकारी झाले, आणि १९६५ सालीं सीमा सुरक्षा दल स्थापन झालें तेव्हां त्याचे पहिले प्रमुखहि तेच होते. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलिस आयोगाचे सभासद या नात्यानें त्यांनीं बिहारमधील तुरुंग पाहिले. हॉवर्ड जसे शेरीफ, तसे हेहि सरकारच्याच बाजूचे गृहस्थ. जन्मभर ज्यांनीं माणसांस पकडण्याचें काम केलें, तेच आतां पकडलेल्यांचे कागद तपासूं लागले. त्यांस असे कच्चे कैदी आढळले कीं, खटला सुरू होण्याची वाट पाहतां पाहतां ज्यांचीं अनेक वर्षें आंत गेलीं होतीं. त्यांचीं निरीक्षणें जानेवारी १९७९ मध्यें ‘इंडियन एक्स्प्रेस’ पत्रांत प्रसिद्ध झालीं.

तो मजकूर वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. हुसैनारा खातून ह्या बंदिवान स्त्रीच्या नांवानें तो खटला प्रसिद्ध आहे. न्यायालयापुढें जी यादी आली, ती वाचून कोणाचेंहि मन विषण्ण व्हावें. कित्येकांवरील आरोप पूर्णपणें शाबीत झाला असता तरी जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ते चौकशीवांचून तुरुंगांत होते. कांहीं स्त्रियांनीं तर गुन्हाच केला नव्हता. त्या साक्षीदार होत्या किंवा स्वतःच अत्याचारास बळी पडलेल्या होत्या, व ‘संरक्षणासाठीं’ म्हणून त्यांस कोंडून ठेविलें होतें. न्यायमूर्ति भगवती यांनीं निकालांत सांगितलें कीं, त्वरित न्यायचौकशी हा घटनेच्या एकविसाव्या कलमानें दिलेल्या जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे; तसेंच ज्याचीं पाळेंमुळें गांवांत रुजलीं आहेत, त्यास केवळ पैसे नाहींत म्हणून अडकवून न ठेवतां जातमुचलक्यावर सोडावें. त्या निकालांनंतर हजारों कच्चे कैदी सुटले. बेडफर्डच्या फीची व बिहारच्या जामिनाची गोष्ट मुळांत एकच आहे, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

महाराष्ट्राचीहि हकीकत सांगितली पाहिजे. पत्रकार शीला बारसे यांनीं परवानगी घेऊन मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांतील पंधरा बंदिवान स्त्रियांची भेट घेतली. त्यांपैकीं पांचजणींनीं पोलिस कोठडींत आपणांस मारहाण झाल्याचें सांगितलें. शीलाबाईंनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. न्यायालयानें त्या पत्रासच अर्ज मानलें व खरें काय तें पाहण्यासाठीं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेस तुरुंगांत धाडलें. १५ फेब्रुवारी १९८३ रोजीं निकाल झाला. स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री-शिपायांचा पहारा असावा, अटक होतांच नातलगांस कळवावें व आरोपीस कायदेशीर मदत मिळण्याची व्यवस्था व्हावी, मॅजिस्ट्रेटानें आरोपीस छळाविषयीं विचारावें, आणि सत्र न्यायाधीशांनीं पोलिस कोठड्यांस पूर्वसूचना न देतां भेटी द्याव्या, असें त्यांत ठरलें. पूर्वसूचना न देतां, ह्या शब्दांत पाहणीचें सारें मर्म आहे. सूचना देऊन गेलेल्या पाहुण्यास नुकताच चुना लावलेली भिंत दिसते.

आतां आजची स्थिति काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालाच्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० बंदिवान होते. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंदिवानांत तिघांचा खटला अद्यापि निकालांत निघालेला नव्हता. हे सर्व निर्दोष आहेत किंवा सर्वांस केवळ दारिद्र्यानें अडकविलें आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. कांहींवर भयंकर गुन्ह्यांचे आरोप असतात व त्यांस सोडणें योग्य नसतें. परंतु जामीन मंजूर होऊनहि जामीनदार न मिळाल्यामुळें आंत राहणारीं माणसें त्यांत असतात, हेंहि तितकेंच खरें.

आमच्या झाडीपट्टीच्या व त्यापलीकडील जंगलभागाच्या दृष्टीनें ह्या गोष्टीचा थोडा विचार करूं. जामीनदारानें आपली ऐपत दाखवावी लागते. त्यासाठीं सातबाराचा उतारा किंवा घराच्या कराची पावती पुढें करण्याची वहिवाट आहे. ज्याच्या नांवें शेत नाहीं, ज्याचें घर कुडाचें आहे, ज्याचा भाऊ धानकापणीच्या किंवा तेंदूपानांच्या मजुरीवर जगतो, त्यास ऐपतदार जामीनदार आणावा कोठून? भामरागड किंवा एटापल्लीकडील आईबापांस चंद्रपुरास वा नागपुरास जाऊन मुलास भेटावयाचें म्हटलें, तरी दोन दिवसांची मजुरी व गाडीभाडें खर्चीं पडतें. कायदा सर्वांस सारखा आहे, पण दारापर्यंत पोंचण्याची वाट सर्वांस सारखी लांब नाहीं.

उपाय मुळींच नाहींत असें नव्हे. १९८७ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यास विधि सेवा प्राधिकरण आहे. गरिबास, स्त्रीस, तसेंच अनुसूचित जातिजमातींच्या मनुष्यास तेथें वकील फुकट मिळतो. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें असेंहि सांगितलें आहे कीं, फांशीच्या वा जन्मठेपेच्या शिक्षेचे गुन्हे व एकाहून अधिक खटले असलेले आरोपी वगळतां, कच्च्या कैद्यानें आपल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपैकीं निम्मा काळ, आणि पूर्वीं कधींहि गुन्हा शाबीत न झालेल्यानें एक तृतीयांश काळ आंत काढला असल्यास त्यास सोडावें. पण हा हिशेब कोणीतरी बसून केला पाहिजे. अटकेची तारीख, कलम, त्या कलमाची कमाल शिक्षा, झालेले दिवस, एवढेंच त्रैराशिक. आमच्या शाळेंतील सातव्या इयत्तेचा मुलगाहि तें सोडवील. अडचण गणिताची नसून गणितास बसणाऱ्या मनुष्याची आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थीबंधुभगिनींस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, परोपकार म्हणजे केवळ कळवळा नव्हे. हॉवर्ड यांचें अंतःकरण कोमल होतें, तशीं त्या काळीं इंग्लंडांत इतरहि अनेकांचीं असतील. परंतु खोली मोजून आंकडा लिहिण्याचें काम त्यांनीं केलें. रुस्तमजींनीं तेंच केलें, शीलाबाईंनींहि तेंच केलें. तुमच्यांतून पुढें कोणी वकील होईल, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी पोलिस अंमलदार, आणि कोणी चंद्रपूरच्याच कारागृहांत पहारेकरी होईल. ज्याच्या हातीं जी किल्ली येईल, तिनें दार उघडल्यावर आंतल्या मनुष्यास त्यानें विचारावें, ‘आपण येथें कां आहांत व केव्हांपासून?’ आणि जें उत्तर मिळेल, तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें.